हिरवा झगा, ठिपके पांढरे

रविवारी सकाळी आठ ते बारा बाग उघडी राहील, जुन्या माणसांनी येऊन एकदा बघून जावं, सोमवारी पाडकामाची यंत्रं लागतील, असं चार ओळींचं पत्र आलं. माईकबाईंनी ते तीन दिवस साखरेच्या डब्याखाली ठेवलं. चहा करताना काढायचं, वाचायचं, घडी घालून पुन्हा ठेवायचं. चौथ्या दिवशी त्यांनी लेकीला फोन लावला.

“बिट्टी, रविवारी येशील माझ्याबरोबर? बागेत.”

“कुठल्या बागेत?”

“आपल्या.”

पलीकडे दुकानातल्या घासण्याच्या यंत्राचा आवाज. बिट्टीचं चष्म्याचं दुकान होतं. काचा ती स्वतः घासायची. मग ती म्हणाली, “तो जिना चढायचाय ना तुला? माडीचा? म्हणून मी हवी.”

“हो, जिन्यासाठीच,” बाई म्हणाल्या.

खोटं होतं ते. जिना त्या बसत-उठत एकट्या चढल्या असत्या. चौतीस वर्षं पोटात धरून ठेवलेली एक गोष्ट त्यांना लेकीला सांगायची होती, आणि ती जिथे घडली तिथेच सांगायची होती. जागा एकदा सपाट झाली की कशाकडे बोट दाखवून सांगणार? गोष्ट म्हटली तर एवढीशी. बिट्टी सात वर्षांची असताना बागेत चुकली होती. बाईंनी माईकवरून तिचं वर्णन तीनदा साऱ्या बागेला सांगितलं, आणि एकदाही त्यांच्या मनात आलं नाही की ही आपली पोर. पोटच्या पोरीला त्यांनी ओळखलं नव्हतं. लेकीला ते कळलं होतं की नव्हतं, कळलं असेल तर कुठे सलत होतं, हे विचारायचं धाडस त्यांना आजवर झालं नव्हतं. बिट्टीही त्या दिवसाबद्दल कधी बोलली नव्हती, आणि बाईंना तेच जास्त लागायचं.

आता माईकबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. पण एकवीस वर्षं बागेत काढल्यावर नाव मागे पडलं आणि माईक पुढे आला. फाटकावरच्या माडीत एक खोली होती, सात पावलं लांब, चार पावलं रुंद. तीत एक टेबल, एक फोन, एक माईक, एक कुरकुरणारा पंखा आणि बाई. खाली बागभर खांबांवर भोंगे. होड्या आता बंद होताहेत, पाळण्यात उभं राहू नका, कुणाची तरी कवळी आरसेमहालात सापडली आहे, ती फाटकाशी मिळेल, अशा सूचना दिवसभर चालायच्या. पण सुट्टीच्या दिवशी खरं काम असायचं ते चुकलेल्या मुलांचं.

मूल चुकलेलं दिसलं की त्याला बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, छोट्या आगगाडीच्या स्टेशनात नेऊन बसवायचं, अशी पद्धत होती. गाडी बघता बघता पोर रडायचं विसरतं, हा स्टेशनमास्तरांचा शोध. मास्तर म्हणजे त्या तीन डब्यांच्या गाडीचे चालक, गार्ड, तिकीट तपासनीस आणि वेळ पडली तर गाडीला मागून ढकलणारे हमालही. ते फोनवरून पोराचं वर्णन सांगायचे, बाई कागदावर उतरवून घ्यायच्या आणि माईकवर बोलायच्या. चुकलेलं मूल बाईंना कधी दिसायचं नाही, आणि मुलाला बाई दिसायच्या नाहीत. दोघांच्या मध्ये सगळी बाग.

सुरुवातीला त्यांनी कागदावरचं जसंच्या तसं वाचून पाहिलं. एक मुलगा, वय वर्षे चार, निळा सदरा. लोक ढिम्म. पाळण्यातल्या किंकाळ्या, पिपाण्या, गर्दीचा कालवा, त्यात ते वाक्य पाण्यात साखर विरघळावी तसं नाहीसं व्हायचं. एकदा एक पोर दीड तास बसून राहिलं तेव्हा बाईंचा जीव कासावीस झाला, आणि लहानपणी आईच्या, मावशीच्या तोंडून ऐकलेल्या ओव्यांची चाल आपसूक त्यांच्या ओठांवर आली.

निळा सदरा, बटण तुटलं,
गोळी चोखता बोट चिकटलं,
कुणाचं हे वासरू सुटलं,
घेऊन जा गं.

अख्खी बाग थबकली. होड्यांच्या रांगेतून एक बाई, “अगं बाई, आमचंच हे वासरू!” म्हणून चपला हातात घेऊन पळाली. त्या दिवसापासून बाईंनी गद्य सोडलं. पुढे पुढे तर लोक तेवढ्यासाठी बाकावर बसून राहायचे, “आज अजून कोणी चुकलं नाही वाटतं,” म्हणून हळहळायचे. एकदा कॉलेजच्या टोळक्यानं आपल्यातल्या एका मिशाळ गड्याला चुकलेला म्हणून स्टेशनात नेऊन बसवलं. बाईंनी त्याचीही ओवी रचली, तीत मिशांना झाडूची उपमा दिली, आणि गडी तोंड लपवत पसार झाला.

हे झालं बागेतलं. घरची तऱ्हा निराळी. आठ तास बोलून घसा असा बसायचा की डॉक्टरांनी तंबी दिली, घरी तोंड उघडाल तर नोकरीला मुकाल. मग घरात टाळ्यांचं राज्य सुरू झालं. एक टाळी म्हणजे जेवायला चला. दोन म्हणजे पाणी दे. तीन म्हणजे अभ्यासाला बस. नुसती चुटकी म्हणजे, बाप कुठे तोंड घालून बसलाय ते बघून ये. बाप छापखान्यात खिळे जुळवायचा, माणूस हजरजबाबी. तो म्हणायचा, “बिट्टे, तुझ्या आईचं नाटक बाहेर चालतं. घरी येते ती फक्त टाळ्या वाजवायला.” बाई हसायच्या, तेही आवाज न करता.

आणि एक नियम होता. सुट्टीच्या दिवशी नोकरांच्या घरच्यांनी बागेत पाऊल टाकायचं नाही. बाईंनी बिट्टीचा दंड धरून कुजबुजत बजावलं होतं, “चुकून कधी आलीसच, तर तू कोणाची ते कोणाला सांगायचं नाही. माझी नोकरी जाईल.” पोरीनं डोळे मोठे करून मान हलवली होती.

रविवारी मायलेकी पोचल्या तेव्हा फाटकाची एकच झडप उघडी होती. खुर्चीवरच्या रखवालदारानं वही पुढे केली. “नाव?”

“माईकबाई लिहा.”

“अहो, खरं नाव.”

“ते लिहिलंत तर इथलं कोणी ओळखायचं नाही,” बाई म्हणाल्या. बिट्टी हसली आणि तिनं वही ओढून घेऊन आईचं नाव नीट लिहिलं.

बाग बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. गवत कमरेएवढं वाढलेलं, त्यातून वाट अशी नव्हतीच. बाई मात्र डोळे मिटूनही चालल्या असत्या. इथे पिपाणीवाला, इथे वजनाचं यंत्र, त्याला लोक शिव्या द्यायचे. इथे आरसेमहाल, तिथे माणूस शिरताना हसायचा आणि निघताना केस नीट करायचा. घोड्यांचं चक्र तिरकं होऊन बसलं होतं. बारा घोड्यांपैकी सात उरले होते, रंग उडून सगळे एकाच जातीचे झालेले, एकाच्या खोगिरावर शेवाळ, दुसऱ्याच्या उघड्या तोंडात गांधीलमाशांचं घर. मोठा पाळणा उभा होता. वाऱ्यानं त्याची एक बैठक हलत होती, बाकीच्या गंजून जागच्या जागी घट्ट. होड्या तळ्याकाठी पालथ्या पडल्या होत्या, हंसाच्या आकाराच्या. माना चिखलात, शेपट्या वर.

“केवढंसं आहे गं हे,” बिट्टी म्हणाली. “मला वाटायचं ह्या टोकापासून त्या टोकाला जायला दिवस लागतो.”

“तुझे पाय एवढेसे होते.”

खांबांवर भोंगे अजून होते. त्यांच्यात पाखरांनी काड्या भरल्या होत्या, आणि आत पिल्लं असावीत. बाई खालून जायला लागल्या की भोंगा चिवचिवायचा. “माझी जागा भरली म्हणायची,” त्या म्हणाल्या. सांगायचं कसं, कुठून सुरू करायचं, ह्याचीच मनात जुळवाजुळव चालली होती. घोड्यांपाशी सांगू, असं ठरवलं होतं. घोडे मागे गेले. तळ्यापाशी सांगू. तळंही गेलं.

स्टेशनात मास्तर बाकावर बसले होते. ऐंशी पार केलेले, अंगावर जुना कोट, गळ्यात शिट्टी. नातवाला फाटकाबाहेर चहाला पाठवून ते एकटेच गाडीची वाट बघत असल्यासारखे बसले होते.

“कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“मी हो मास्तर.”

“बाई!” मास्तर उठायला गेले आणि निम्म्यातच पुन्हा बसले. “आवाज तोच हो! चेहरा मला नीट दिसत नाही, तेव्हा माझ्यापुरत्या तुम्ही आहात तशाच आहात.”

बिट्टीनं वाकून त्यांच्या चष्म्याकडे एक डोळा बारीक करून पाहिलं. धंद्याची सवय. “आजोबा, ह्या काचा कधीच्या?”

“बाग बंद व्हायच्या आधीच्या.”

“मग बरोबर. तुम्हाला बाग अजून चालू दिसत असेल.”

मास्तर खदाखदा हसले. हसता हसता खोकले. “ही कोण, लेक का? बाईंची लेक शोभते. अगं पोरी, तुझ्या आईचा रुबाब तू पाहिला नाहीस. आणि ह्याच बाईंनी एकदा सगळ्या बागेला नुसता पंखा ऐकवला! माईक चालू ठेवून गेल्या पळत. अर्धा तास भोंग्यातून कुर्र कुर्र, कुर्र कुर्र. मॅनेजरसाहेब मला फोन करून विचारतात, ही कसली सूचना? एक चिमुरडी होती बघ त्या दिवशी, काही केल्या नाव सांगेना. मी फोनवर बाईंना म्हटलं—”

“मास्तर, इंजिन कुठे नेलं हो?” बाई मध्येच म्हणाल्या.

“इंजिन? इंजिन विकलं की,” मास्तरांचा चेहरा पडला आणि गाडी त्या रुळावर गेली. कोणी नेलं, कसं नेलं, ट्रकवर चढवताना त्याची घंटा कशी आपोआप वाजली. बाई हूं हूं करत राहिल्या. बिट्टी मात्र मास्तरांकडे बघत नव्हती. ती त्या बाकाकडे बघत होती.

माडीचा जिना चढताना तिनं आईचा हात धरला. दोघी एकेक पायरी थांबत चढल्या. खोलीत टेबल तेवढं शिल्लक होतं. माईकच्या जागी चार स्क्रूंची भोकं. पंखा गेलेला, त्याचा आकडा छतात. खिडकीला काच नव्हती, त्यामुळे बाग आणखीच जवळ आली होती. घोडे, तळं, पाळणा, आणि दूर ते स्टेशन, काड्यापेटीएवढं. बाई टेबलाला टेकल्या. आता नाही तर कधीच नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. तोंड उघडलं.

“त्या दिवशी पळालीस ती माझ्यासाठीच ना?” बिट्टीनंच विचारलं.

“तुला आठवतं?”

“आठवतं म्हणजे काय! शेजारच्या वहिनी अचानक म्हणाल्या, चला बागेत, तिकिटं मी काढते. मला तर शाळेच्या कपड्यांत लाज वाटत होती. मग त्यांनी त्यांच्या मुलीचा झगा घातला मला.”

“हिरवा.”

“हिरवा, पांढऱ्या ठिपक्यांचा. भूतबंगल्यात रिबिनी पडल्या, मी त्या शोधायला मागे फिरले, बाहेर आले तर वहिनी नाहीत. कोणीतरी मला मास्तरांकडे नेलं. ते नाव विचारतात, मी गप्प. तूच सांगितलं होतंस ना, सांगायचं नाही म्हणून. रडू अगदी डोळ्यांत आलं होतं. आणि तेवढ्यात भोंग्यातून तू.” बिट्टीनं खिडकीच्या चौकटीला पाठ टेकली आणि कधीही न विसरलेल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं:

हिरवा झगा, ठिपके पांढरे,
डोळे टपोरे, गाल गोबरे,
कुणाचं हे पाखरू रे,
वाट बघतंय.

“सबंध बागेत तुझा आवाज. झाडांतून, तळ्यावरून, सगळीकडून. मला वाटलं, ओळखलं आईनं! पण नोकरी जाईल म्हणून नाव घेत नाहीये. एवढ्या लोकांच्यात ती मला एकटीला सांगतेय आणि कोणाला पत्ता नाही. मी अशी फुगले! मास्तर म्हणाले, नाव सांग बाळ, म्हणजे आई येईल. मी मनात म्हटलं, नाव सांगितलं की हे बंद होणार. मला पुन्हा ऐकायचं होतं. म्हणून मी बसले तोंडात मूग गिळून. मग दुसऱ्यांदा तू निराळंच म्हणालीस.”

केस मोकळे, रिबीन हरवली,
बोलेना कशी, कुणी रागवली,
सोन्याची पुतळी कुणी घडवली,
घडवणारीनं यावं.

“मला कोणी इतकं गोड कधीच बोललं नाही गं. लग्नात नाही, नंतर नाही. अजून कधी गिऱ्हाईकानं डोकं उठवलं की काच घासता घासता म्हणते मनातल्या मनात. सोन्याची पुतळी कुणी घडवली.” बिट्टी हसली. एवढी मोठी बाई, कानापाशी पांढरे केस आलेली, पण हसली ती सात वर्षांची. “मग तू आलीस धापा टाकत, मास्तरांना म्हणालीस, हिच्या घरच्यांना मी ओळखते. आणि मी मुळीच ‘आई’ म्हटलं नाही. फाटकाशी वहिनींच्या हातात हात देईपर्यंत नाही. किती छान खेळलो आपण दोघी!”

बाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी ह्या मुलीच्या मनात एक जखम शोधली होती, आणि तिथे तर तिनं दागिना जपून ठेवला होता. आता गप्प बसलं तरी चालणार होतं. उलट गप्प बसणंच शहाणपणाचं होतं. सोमवारी यंत्रं येतील, खोली जाईल, टेबल जाईल, मास्तरही आज ना उद्या जातील. कोणाला कळणार होतं? बाईंनी खाली बागेकडे पाहिलं. हंस चिखलात माना घालून बसले होते. लेकीनं एवढं मन उघडं केलं होतं, आणि त्या उघड्या मनात आपण खोट्यानं बसायचं? त्यांना ते झेपेना.

“बिट्टी,” त्या म्हणाल्या, “मी ओळखलं नव्हतं.”

“काय?”

“तुला. तीनदा सांगितलं मी. एकदाही डोक्यात आलं नाही. मास्तर म्हणाले पाच वर्षांची असेल...”

“मी सात वर्षांची होते.”

“लहानखुरी होतीस. झगा आपला नव्हता. केस मोकळे, तू तर घट्ट दोन वेण्यांशिवाय कधी उंबऱ्याबाहेर गेली नव्हतीस. मला वाटलं तू वहिनींच्या घरी खेळतेयस.” बाई स्वतःची बाजू मांडू लागल्या आणि त्यांनाच ते आवडेना. त्यांनी हात झटकला. “ते जाऊ दे. ओळखलं नाही, हे खरं. चौथ्यांदा मास्तरांचा फोन आला. म्हणाले, बाई, पोरगी गंमतच आहे, पाणी हवं का म्हणून विचारलं तर दोन टाळ्या वाजवते. तेव्हा माझ्या हातातला फोन सुटला.”

बिट्टीनं खिडकीकडे तोंड केलं. खाली कोणीतरी गवतातून चालत होतं, कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं, “अहो इकडे, पाळण्यापाशी!”

“म्हणजे ते सगळं,” ती बाहेर बघतच म्हणाली, “कोणाच्याही पोरीला म्हणाली असतीस तू.”

“हो.”

“सोन्याची पुतळी वगैरे.”

“हो गं.”

“मग त्यात माझं काय होतं?”

बाईंनी माईकच्या चार भोकांकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “तुझं जे होतं ना, ते मी इथे उधळून रिकामी घरी यायचे. तेवढंच सांगायचं होतं तुला. जिन्याचं खोटं होतं.”

“घरी टाळ्या.”

“घरी टाळ्या.”

“कशाला सांगितलंस?” बिट्टी एकदम वळली. डोळे भरलेले, आवाज चढलेला. “चांगलं होतं ना माझं? काय बिघडत होतं तुझं?” आणि ती खाडखाड जिना उतरून गेली.

बाईंनी थोडा वेळ टेबलावरून हात फिरवला. धूळ बोटांना लागली, ती त्यांनी पदराला पुसली. मग कठडा धरून त्या उतरू लागल्या. एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी. पाचव्या पायरीवर कठडाच संपला, पुढचा तुटून गेला होता. त्या तिथेच उभ्या राहिल्या. खालून पावलं वर आली.

“एकटी काय उतरतेस? पडलीस म्हणजे?” बिट्टीच्या आवाजात राग तसाच होता. पण तिनं आईचा हात आपल्या खांद्यावर घेतला. “हं. डावा पाय टाक आधी.”

दोघी फाटकाकडे निघाल्या. गवत सळसळत होतं. घोड्यांपाशी आल्यावर बिट्टी पुढे बघतच म्हणाली, “तू आलीस तेव्हा तुझ्या एका पायात चप्पल नव्हती.”

“वाटेत गेली.”

“कुठल्या वाटेनं आलीस? इथून?”

“इथूनच. मग तळ्याकडून.”

“तळ्याकडून लांब पडतं.”

“पडतं खरं.”

“मग?”

बाई थांबल्या. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा. “मी चुकले होते गं. वरून बघायची सवय, खाली गर्दीत कधी पळाले नव्हते. डोळ्यांसमोर अंधारी आलेली. तळ्याला वळसा घातला तो पुन्हा ह्या घोड्यांपाशीच आले. परत पळाले, परत घोडेच. इथे एक फुगेवाला होता, त्याला मी विचारलं, स्टेशन कुठेशी आलं? तो म्हणाला, माईकबाई, तुम्ही मला विचारता?”

बिट्टी आईकडे बघत राहिली. तिचे आवळलेले ओठ सुटले, आणि हसू आधी आलं की रडू ते तिचं तिलाही कळलं नसावं. “म्हणून अर्धा तास पंखा,” ती म्हणाली.

“म्हणून अर्धा तास.”

“मला वाटलं तू मुद्दाम वेळ लावतेयस. खेळ म्हणून.”

“खेळ कसला! रडत होते मी. भर गर्दीत, मोठ्यांदा. लोक वाट देत होते.”

“माझं नाव घेऊन?”

“मग कोणाचं? नियमबियम कुठला आठवतोय तेव्हा. बिट्टी बिट्टी म्हणत पळत होते नुसती. पण इकडे माईक नव्हता ना. तुला कसं ऐकू जाणार.”

रखवालदारानं वहीत जाण्याची वेळ लिहून घेतली. रस्त्यापलीकडे बसचा थांबा होता, पत्र्याचा, एकाच बाजूला सावली असलेला. बिट्टीनं आईला सावलीत बसवलं आणि आपण उन्हात उभी राहिली. थोड्या वेळानं तीही बाकावर बसली, पुष्कळ जागा होती तरी आईच्या अगदी लगत. बस आली. ड्रायव्हरनं दोघींकडे पाहिलं. बिट्टीनं हातानंच नाही म्हणून सांगितलं, आणि बस धूळ उडवत गेली.

“फुगेवाल्यानं वाट दाखवली का?” तिनं विचारलं.

“दाखवली की. स्वतः आला दोन वळणं, सगळे फुगे घेऊन. पण मी त्याच्या पुढे पळाले आणि होड्यांच्या रांगेत घुसले...” बाईंचा आवाज खरखरीत झाला होता, ओढून आणल्यासारखा. पण त्या थांबल्या नाहीत, आणि बिट्टीनंही त्यांना थांबवलं नाही. होड्यांच्या रांगेत एका म्हाताऱ्यानं त्यांना कसं दरडावलं, मधे घुसू नका म्हणून, आणि त्याच्याच बायकोनं कसं त्याला गप्प केलं, ते सगळं त्या सांगत राहिल्या. दुसरी बस आली, थांबली, गेली.

“मग?” बिट्टी म्हणाली. “ती बाई काय म्हणाली त्याला?”